आमची वाटचाल : ओट्यामागच्या तारा

१९९७ साली डोंबिवलीत आम्ही दोघांनी घरांच्या वायरिंगच्या कामाला सुरुवात केली, मी आणि आयटीआयच्या वायरमन ट्रेडचा माझा मित्र. पक्कड, टेस्टर, छन्नी-हातोडा आणि त्याच्या वडिलांची सायकल एवढंच भांडवल. मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, लोहार चाळीतून, तारेची ९० मीटरची बंडलं खांद्यावर घ्यायची आणि लगेजच्या डब्यातून परत यायचं. तेव्हा स्वयंपाकघरात एक ट्यूब, मिक्सरला एक पॉइंट आणि दारावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, एवढ्यावर घरं चालायची.

पहिल्या मोठ्या कमाईतून मित्राने हाताने फिरवायचा मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, घेतला. मी म्हटलं, एवढ्यात स्कूटर आली असती. तो म्हणाला, टाइल लागल्यावर भिंतीत काय आहे ते हाच सांगेल. त्या दिवसापासून झिरी, म्हणजे तारांसाठी भिंतीत कापलेली खाच, बुजवायच्या आधी प्रत्येक लाइन मेगर करायची आणि झिऱ्यांचे फोटो काढायचे, हा आमचा नेम. घरमालकाने आग्रह केला नाही तरी.

मधली वर्षं बरी गेली.

२०१६ मध्ये एका सोसायटीत आम्ही एक स्वयंपाकघर केलं. गीझरला ४ स्क्वेअर, म्हणजे चौरस मिलिमीटर तारेची स्वतंत्र लाइन, ओट्यावर इंडक्शनला २.५ ची, फ्रीज वेगळा, सगळ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. सहा महिन्यांनी तिथे टॉल युनिटच्या, म्हणजे उंच कपाटाच्या, मागे आग लागली. माणसं वाचली, फर्निचर गेलं. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर आमच्या नावाची नोटीस: यांना गेटमधून आत सोडू नये. विचारायलासुद्धा कोणी आलं नाही. चालू असलेली तीन कामं हातची गेली, लोहार चाळीतली उधारी तटली. घरी दोन लेकरं होती, म्हणून मित्राने नोकरी धरली. त्याला मी दोष देत नाही. जाताना मेगर माझ्याकडे ठेवून गेला.

त्याच इमारतीत आमच्या एक काकू राहतात, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या घरी १९९९ पासून आमचंच काम. प्रत्येक मशीनचे वॅट वहीत लिहून ठेवणाऱ्या. त्या सेक्रेटरींना म्हणाल्या, "आधी कपाट उघडा, मग माणसाला नावं ठेवा." सगळ्यांसमोर मागची फळी काढली. आम्ही गेल्यानंतर मॉड्युलर किचनवाल्याच्या माणसाने इंडक्शनच्या लाइनवरून १.५ च्या तारेचा लूप मारून डिशवॉशर आणि ओव्हन जोडले होते. जोड नुसता टेप गुंडाळलेला. इंडक्शन २००० वॅट, डिशवॉशर २०००, ओव्हन १५००. २३० व्होल्टला हिशोब केला की चोवीस अँपिअर. आमचा १६ चा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, काही मिनिटांत पडायचा, म्हणून त्याने तो काढून ३२ चा बसवला. आता एमसीबी पडेना आणि तार तापत राहिली. झिरीतली आमची लाइन मात्र जशीच्या तशी. मेगर लावून दाखवलं, जुने फोटो दाखवले.

नोटीस रातोरात निघाली. तिच्या जागी चूक झाल्याचा एक कागद लागायला हवा होता. तो आजवर लागलेला नाही.

स्वयंपाकघर नव्याने करून घेत असाल तर रंगांच्या आधी यंत्रांची यादी करा. इंडक्शन, ओव्हन, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर, जे एकाच वेळी चालेल त्याला स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी. सॉकेट शेगडीच्या वर आणि सिंकच्या शेजारी नको. डिशवॉशरचा प्लग बाजूच्या कपाटात घ्या, हात पोचेल असा. अर्थिंगची हिरवी तार कुठेही तोडू देऊ नका. डीबीत, म्हणजे एमसीबी बसवतात त्या डब्यात, दोन जागा रिकाम्या ठेवा. मंजूर लोड बिलावर असतो, तो वाचा आणि कमी पडत असेल तर काम सुरू व्हायच्या आधी वाढवून घ्या. एमसीबी पडतोय म्हणून मोठा बसवू असं कोणी म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

गेल्या महिन्यात काकूंनी एअर फ्रायर आणला. वही उघडून फोनवरच विचारलं, "१५०० वॅट आहे, रिकाम्या जागेतली लाइन आता घ्यायची ना?" रविवारी मेगर घेऊन गेलो.