थर्मो राहिला, मग मेकॅनिकल कळायला लागलं

प्रश्न सोपा होता. इंजिन ३२७ अंश सेल्सिअसला उष्णता घेतं आणि २७ अंशांना सोडतं, तर त्याची जास्तीत जास्त कार्यक्षमता किती? मी २७ला ३२७ने भागलं, एकातून वजा केलं, ९१.७ टक्के असं उत्तर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या प्रश्नाला लागले.

पेपर बघायला मिळाला तेव्हा त्या दोन रेघांच्या शेजारी लाल शाईत एकच शब्द होता, ‘केल्विन?’ तापमान निरपेक्ष घ्यायचं असतं. ६०० आणि ३००, उत्तर ५० टक्के. २७३ मिळवायला विसरले, एवढीच चूक. विसरण्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. पण रोजच्या वापरातलं पेट्रोल इंजिन तीस-पस्तीस टक्क्यांच्या आसपास दमतं, हे मी त्याच सेमिस्टरला वाचलं होतं. तरीही ९२ टक्के लिहिताना मला काहीच खटकलं नाही! उत्तर म्हणजे कॅल्क्युलेटरवर येतं ते, इतकंच माझ्या डोक्यात होतं. शंभरपैकी २९ मिळाले आणि थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णता आणि काम यांच्या हिशोबाचा विषय, राहिला.

ही सवय शाळेपासूनची. दिलेलं काय, काढायचं काय, दोघांना जोडणारं सूत्र कुठलं. या तीन ओळींवर मी मेकॅनिकलपर्यंत पोचले होते, आणि पहिल्या वर्षी त्याच तीन ओळी दोनदा आपटल्या होत्या. ते माझ्या लक्षात मात्र आलं नाही.

पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये. फिटिंगचा जॉब होता, माइल्ड स्टीलचा ५० बाय ५० मिलीमीटरचा तुकडा, कडा सपाट आणि एकमेकींना काटकोनात हव्यात. दोन तास कानस चालवली. खांदे भरून आले, कड चकचकीत झाली, मी खूश. वर्कशॉपच्या सरांनी तुकड्याला गुण्या लावला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. मध्यभागी पातं टेकलेलं आणि दोन्ही टोकांना उजेडाची बारीक फट. "डोंगर केलायस," ते म्हणाले. कानस पुढे जाताना दोन्ही हात सारखेच दाबले तर आधी उजवा हात खाली जातो, मग डावा, त्यामुळे ती झोपाळ्यासारखी झुलते आणि टोकं जास्त घासली जातात. त्यांनी माझी कोपरं धरून दाखवलं, दाब एका हातातून दुसऱ्या हातात कसा सरकवायचा. "आणि परत आणताना कशाला दाबतेस? दात पुढे जाताना कापतात." कानशीला खडू चोळायचा म्हणजे दातांत कीस अडकत नाही, हेही तेव्हाच कळलं. पुढचे तीन आठवडे मी उजेडाच्या त्या फटीशी भांडले. ‘सपाट’ हा शब्द तोवर मी किती सहज वापरायचे! वर्गात आम्ही चौघीच मुली होतो, आणि जॉब सगळ्यात आधी पास झाला तो आमच्यातल्याच एकीचा. हे सांगायचं राहायला नको.

दुसऱ्यांदा ड्रॉइंगमध्ये. वस्तूचं पुढचं आणि वरचं दृश्य दिलेलं, बाजूचं काढायचं. माझ्या डोक्यात वस्तू फिरायचीच नाही. रेघा दिसायच्या, वस्तू दिसायची नाही. शेवटी साबणाच्या वड्या आणल्या आणि प्रत्येक प्रश्नातला ठोकळा चाकूने कापून बघितला. दहा-बारा वड्यांनंतर चाकू लागेनासा झाला. ही युक्ती मी अजूनही ज्युनिअर मुलांना सांगते. ती हसतात आणि नंतर गुपचूप करून बघतात.

गणित, केमिस्ट्री, प्रोग्रॅमिंग यांबद्दल काय सांगू, झाले पास.

तिसऱ्या सेमिस्टरला थर्मोच्या जोडीला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स होता, आणि तो मला आवडला. कारण त्यात गोष्टी मोडायच्या. टेस्टिंग मशीनवर माइल्ड स्टीलचा नमुना ताणला. भार वाढत गेला, काटा चढत गेला, मग एका जागी थबकला, किंचित मागे आला. ते यील्ड, म्हणजे धातू कायमचा ताणला जायला लागतो ती जागा. पुन्हा चढला, नमुन्याची मध्ये कंबर बारीक झाली आणि बंदुकीसारखा आवाज करून तो तुटला. एका तुकड्याला वाटीसारखा खळगा, दुसऱ्याला तसाच उंचवटा. बिडाचा नमुना मात्र कसलीही पूर्वसूचना न देता सपाट तुटला. स्टीलचे तुकडे हातात घेतले तर तुटलेली टोकं चक्क कोमट लागत होती. त्या दिवशी जर्नलमध्ये आकडे उतरवले आणि कोमटपणा विसरून गेले.

मोहरचं वर्तुळ मात्र डोक्यात शिरत नव्हतं. ऑटो मोहरने १८८२ मध्ये मांडलेली ही युक्ती म्हणजे ताण कुठल्या दिशेला किती हे एका वर्तुळावर वाचायचं. मी पायऱ्या पाठ केल्या होत्या, अर्थ कळला नव्हता. शिकवणाऱ्या मॅडमनी एकदा टेबलावरचा खडू उचलला, दोन टोकं धरून पिळला आणि तोडला. तो आडवा तुटला नाही. ४५ अंशांत, वळसा घेत तुटला. पिळताना आडव्या पातळीवर घसरवणारा ताण असतो, पण ४५ अंशांच्या तिरप्या पातळीवर तोच ताण ओढणारा होतो. खडूला ओढ सोसत नाही, म्हणून तो तिथे हार मानतो. माइल्ड स्टीलची सळी पिळली तर जवळजवळ आडवी सपाट तुटते, कारण तिला घसरणं आधी सोसत नाही. मॅडमनी ते दोन तुकडे वर्तुळाच्या आकृतीशेजारी धरले. घरी येऊन मी अर्धा डबा खडू पिळून मोडला.

तर मग थर्मोत काय बिघडलं होतं? थर्मोत पिळायला काही नव्हतं. एन्ट्रॉपी ही उष्णता आणि तापमान यांच्या हिशोबातली राशी, तिला हात लावून बघता येत नाही. मग मी पुन्हा त्या तीन ओळींना चिकटले.

राहिलेल्या विषयाची तयारी करायला मला चार महिने मिळाले. पहिला महिना मी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्यात घालवला, म्हणजे तीच चूक जास्त वेगाने केली. चिन्हांचा घोळ तर भयंकर. आमच्या पुस्तकात यंत्रणेने बाहेर केलेलं काम अधिक, केमिस्ट्रीच्या पुस्तकात यंत्रणेवर केलेलं काम अधिक. दोन्ही बरोबर, आपापल्या घरी. मी एकाच गणितात दोन्ही वापरायचे आणि उत्तर जुळलं नाही की चिन्ह उलटं करून बघायचे.

मग एका सिनिअरने माझी वही पाहिली आणि विचारलं, "तुझी तुटक रेघ कुठंय?" मला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, गणित वाचलंस की आधी ज्याच्याबद्दल बोलतेयस त्याच्याभोवती तुटक रेघ काढ. रेघ ओलांडून आत काय येतंय, बाहेर काय जातंय, बाणांनी दाखव. सूत्र नंतर. पुस्तकात पहिल्या धड्यात, पहिल्या आकृतीत ही रेघ असते, सिस्टीमची सीमा. मी ती सजावट समजून ओलांडली होती.

त्याने मला एक कोडं घातलं. बंद खोलीत फ्रिज चालू आहे, त्याचं दार उघडं टाकलं. खोली थंड होईल का? मी म्हटलं, थोडी होईल. त्याने कागदावर खोली काढली आणि तिच्या भिंतींवरून तुटक रेघ ओढली. रेघ ओलांडून आत येतेय फक्त वीज. बाहेर जाणारं काही नाही. मग आतली ऊर्जा वाढणारच, खोली तापणार. फ्रिजच्या आत कॉम्प्रेसर काय करतो, गॅस कुठून कुठे जातो, काही म्हणून लागलं नाही. रेघ फ्रिजच्या आतल्या कप्प्याभोवती काढली तर गोष्ट वेगळी होते, पण प्रश्न खोलीचा होता.

त्या रात्री मला ती कोमट टोकं आठवली. नमुन्याभोवती रेघ काढली. मशीनने काम आत ढकललं, लोखंड ताणलं गेलं, त्यातलं बहुतेक काम उष्णता होऊन तिथेच उरलं. जर्नल काढून भार आणि ताणलेली लांबी यांच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे तेच काम, चौकटी मोजून काढलं. ज्या दोन विषयांत मला एकाच वेळी ६८ आणि २९ मिळाले होते ते एकाच तुकड्यात एकमेकांना भेटले.

त्यानंतर पद्धत बदलली. दिवसाला दोनच गणितं. आधी चित्र, रेघ, बाण. मग साध्या वाक्यात काय घडतंय ते लिहायचं: ‘वाफ टर्बाइनमध्ये शिरली, काम देऊन थंड झाली.’ मग उत्तराचा अंदाज, पेन्सिलने कोपऱ्यात. शेवटी सूत्र. अंदाज आणि उत्तर यांत दुपटीचा फरक पडला तर गणित पुन्हा. वाफेचे तक्ते पाहताना १०० अंशांच्या ओळीला मी बोट लावून बसायचे: पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला किलोला सुमारे ४१९ किलोज्यूल आणि त्याच तापमानाला त्याची वाफ करायला २२५७. पाचपटीहून जास्त, आणि थर्मामीटर तसूभर हलत नाही. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून जास्त का भाजतो ते त्या एका ओळीत आहे.

एन्ट्रॉपीचं माझं मत थोडं कडवट आहे. ‘एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था’ हे वाक्य मला कधीच कामाला आलं नाही. तापमान-एन्ट्रॉपीच्या आलेखावर उलटवता येणाऱ्या प्रक्रियेच्या रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे उष्णता, हे आलं. धीर मात्र दिला तो सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने. १८२४ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने उष्णतेच्या इंजिनाला तापमानांवर ठरणारी मर्यादा असते हे मांडलं, आणि तेव्हा तो उष्णतेला एक प्रकारचा द्रव समजत होता! एन्ट्रॉपी हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियसने आणला तो १८६५ मध्ये. चुकीच्या समजुतीवरही त्याचा निष्कर्ष टिकला, कारण फुकटात सतत काम देणारं यंत्र शक्य नाही, या गोष्टीवर त्याचा युक्तिवाद उभा होता. दुसऱ्या खेपेला मला ६१ मिळाले.

पुढचे विषय सोपे झाले असं म्हणणार नाही. थिअरी ऑफ मशीन्समध्ये वेगांच्या आकृत्या काढून बोटं काळी झाली, हीट ट्रान्सफरने रडवलं. पण अडकले की काय करायचं ते माहीत होतं. सॉफ्टवेअरवर ब्रॅकेटचं, म्हणजे एका टोकाला धरलेल्या आधारपट्टीचं, विश्लेषण करायला शिकलो तेव्हा पडद्यावर लाल-निळे रंग आले आणि सगळे भारावले. माझ्या ब्रॅकेटचं वाकणं हाताच्या हिशोबाच्या आठपट कमी येत होतं. एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीचं वाकणं लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं, म्हणजे आठपट हा आकडा ओळखीचा. बघितलं तर मी पट्टी निम्म्या लांबीपर्यंत घट्ट धरून ठेवली होती. रंग तरीही सुंदरच आले होते.

शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी प्रोजेक्ट म्हणून छोटा कन्व्हेयर, म्हणजे सामान वाहून नेणारा फिरता पट्टा, बनवला. त्याचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, माझ्याकडे. ६२०४ बेअरिंग, त्याचं भोक २० मिलीमीटर, म्हणून ड्रॉइंगवर मी लिहिलं, व्यास २०. बस्स. लेथवर ज्यांनी तो कातला त्यांनी १९.८८ दिला, आणि त्यांचं काही चुकलं नाही, माप किती कमी-जास्त चालेल ती सूट मी लिहिलीच नव्हती. बेअरिंग हाताने सुळकन बसलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. दोन दिवस चालवल्यावर कुईकुई आवाज यायला लागला आणि बेअरिंगच्या कडेला तांबूस भुकटी दिसली. शाफ्ट आतल्या रिंगमध्ये घसरत होता, लोखंड घासून गंज होऊन बाहेर पडत होतं. बोल्ट घट्ट केले, ग्रीस भरलं, कशाने काही होईना. मग कागदावर नुसतं शाफ्टचं टोक काढलं, त्याच्याभोवती तुटक रेघ, आणि शाफ्टकडून रिंगला फिरवण्याचा जोर कशातून मिळतो ते शोधलं. घर्षणातून. घर्षण कशातून? दाबातून. दाब कुठे होता?

नवा शाफ्ट के६ मापाला करून घेतला, म्हणजे २० मिलीमीटरच्या वर किमान २ आणि कमाल १५ मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग). आता बेअरिंग हाताने बसेना. तेलात ८० अंशांनी तापवलं तर भोक साधारण १९ मायक्रॉनने फुगेल, हे आधी वहीत काढलं. थोडं कमी पडलं, ते आतल्या रिंगवर पाइपचा तुकडा टेकवून हलक्या ठोक्यांनी भागवलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. कन्व्हेयर चालवून दाखवला, त्यांनी अर्धा मिनिट पाहिला. मोटर कशी निवडली, बेल्टचा वेग किती, नेहमीचे प्रश्न. मग रिपोर्ट चाळताना ते एका पानावर थांबले.

"शाफ्ट दोनदा केलात?"

"हो सर. पहिला घसरत होता."

"आहे का तो?"

मी बॅगेतून काढून दिला. बेअरिंगच्या जागी तो आरशासारखा गुळगुळीत झाला होता, कडेला तांबूस पट्टा. त्यांनी मायक्रोमीटर मागितला, स्वतः मोजला, मग तोच माझ्या हातात देऊन म्हणाले, "बसा. आता पहिल्यापासून सांगा." उरलेली पंधरा मिनिटं कन्व्हेयर कोपऱ्यात बंदच उभा होता.