रक्त पातळ करायचं इंजेक्शन घरी देताना

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डिस्चार्जच्या कागदांबरोबर एनोक्सापॅरिनच्या भरलेल्या सिरिंजांचं खोकं हातात आलं. प्रत्येकीत 40 मिलिग्रॅम. अशा ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका घरी आल्यावरही बरेच दिवस राहतो, म्हणून रोज एक, साधारण पाच आठवडे. आम्ही कासारवडवलीला राहतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून नर्स रोज ठरल्या वेळी येईल याचा भरवसा कोणी द्यावा? वॉर्डातल्या सिस्टरना म्हटलं, मलाच शिकवा.

त्यांनी पहिलं इंजेक्शन माझ्याच हातून द्यायला लावलं. बेंबीपासून निदान दोन इंच सोडून पोटाच्या बाजूला कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ उभी, पूर्ण आत. औषध सावकाश ढकलायचं आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. सिरिंजमधल्या हवेच्या बुडबुड्याचं काय, असं मी विचारलं. "राहू दे. सिरिंजभर डोस आहे, बुडबुडा काढायला जाल तर औषधच वाया जाईल." नंतर चोळायचं नाही, हे मात्र आईला शेवटपर्यंत पटलं नाही. चोळलं की काळंनिळं वाढतं, हे तिला रोज नव्याने सांगावं लागे.

घरी खोक्यातला कागद नीट वाचला. हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून मिळणाऱ्या हेपॅरिनपासून बनतं. आई माळकरी, अंडंसुद्धा न खाणारी. धाकट्या भावाचं म्हणणं, तिला सांगूच नको. मला ते मान्य नव्हतं. सुई तिच्या पोटात जाणार होती. डॉक्टरांना विचारलं, तर फोंडापॅरिनक्स नावाचं पूर्ण कृत्रिम औषध आहे, तिला हवं असेल तर किडनीचे रिपोर्ट बघून ठरवू म्हणाले. आईने सगळं ऐकून घेतलं. "तोंडाने घ्यायचं नाही ना? मग चालेल." विषय संपला.

सुई दोन दिवसांत हाताला बसली. राखण करावी लागली ती बाकीच्या औषधांची. भेटायला येणारा प्रत्येक जण अर्धा डॉक्टर. शेजारच्या काकू डायक्लोफेनॅकची दुखण्यावरची गोळी घेऊन आल्या, मावशीच्या पर्समधून कॉम्बिफ्लाम निघाली. त्यात आयबुप्रोफेन असतं, तेही तसलंच दुखण्यावरचं. रक्त पातळ करणाऱ्या औषधावर या गोळ्या पडल्या की पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुखलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉल, दुसरं काही नाही, असं फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावलं. काकूंना जरा लागलं, पण गोळी परत नेली.

एकदा तिला उलट्या झाल्या. फॅमिली डॉक्टर घरी आले आणि सवयीने कमरेत द्यायचं इंजेक्शन भरू लागले. "रक्त पातळ करायचं चालू आहे," म्हटल्यावर थांबले. अशा वेळी स्नायूत सुई टोचली तर आत रक्त साकळू शकतं. जिभेवर विरघळणारी गोळी दिली, तेवढ्यावर भागलं.

फ्रिजवरच्या त्याच कागदाखाली भावाने आणखी लिहून ठेवलं: काळी शी, लघवीत रक्त, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार, अचानक जोराची डोकेदुखी, पोटरीला सूज, छातीत दुखणं किंवा दम लागणं, यातलं काहीही झालं की थेट हॉस्पिटल. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायचे नाहीत, हेही. मधे एकदा प्लेटलेट्स तपासल्या, कारण हेपॅरिनने क्वचित त्या घसरतात.

वापरलेल्या सिरिंजा घंटागाडीत टाकायला मन होईना. कचरा वेचणाऱ्याच्या हातात सुई जायची. 2016 च्या घनकचरा नियमांत घरातल्या सुया घातक कचऱ्यातच धरल्या होत्या. त्या टोपण न लावता जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकत गेलो. फॉलोअपला बरणी घेऊन गेलो, ड्रेसिंग रूममधल्या सिस्टरनी ती ठेवून घेतली आणि डॉक्टरांनी इंजेक्शन बंद करायला सांगितलं.