यूएलए चिप मिळत नाही? मग बनवा की!

झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे ऐंशीच्या दशकातला तो छोटा घरगुती कॉम्प्युटर, घरी बनवतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, अरे इम्युलेटर (त्याची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो की, मग हा उद्योग कशाला? बरोबरे, मोबाईलवर पण चालतो. पण इम्युलेटरला मल्टिमीटरचा प्रोब लावता येत नाही ना.

आणि हे मशीन मुळातच जुगाड होतं. १९८२ ला ते बनवणाऱ्या सिंक्लेअर कंपनीला ४८के वालं मॉडेल १७५ पाउंडात द्यायचं होतं, म्हणून वरच्या ३२के रॅमसाठी चक्क अर्ध्या खराब निघालेल्या ६४ किलोबिटच्या चिप्स घेतल्या, चालू असलेला अर्धा भाग वापरायचा, कुठला अर्धा ते बोर्डवरच्या लिंकनं ठरवायचं. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीतल्या कुठल्याही काकांना सांगा, लगेच पटेल. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीनं लायसन्स घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस विकला होता, पण जुन्या बाजारात इतक्या चकरा मारून एकही दिसला नाही, त्यामुळे बनवणं आलंच.

खरी गोची यूएलएची. फेरांटीची ही एकटी चिप स्क्रीन काढते, कीबोर्ड वाचते, बीप करते, कॅसेट पण तीच सांभाळते. नवीन मिळत नाही. क्रिस स्मिथनं तिचं आतलं लॉजिक उलगडून साध्या ७४ सिरीजच्या चिप्सवर हार्लेक्विन नावाचा क्लोन केला, मी त्याच वाटेनं चाललोय. एफपीजीएत (आतलं सर्किट आपण प्रोग्रॅम करतो ती चिप) सगळं एका चिपमध्ये बसतं मान्य, पण मग परत बंद डबाच की तो.

सुरुवात फक्त प्रोसेसरपासून, म्हणजे झायलॉग कंपनीच्या झेड८० पासून. डेटा बसच्या, म्हणजे प्रोसेसर ज्यावरून डेटा वाचतो त्या, आठही लाइन्स रेझिस्टरनं ग्राउंडला ओढायच्या, की तो कायम शून्यच वाचतो. झेड८० ला शून्य म्हणजे "काही करू नको", मग तो बिचारा पुढचा पत्ता, पुढचा पत्ता करत ६४के मध्ये गोल गोल फिरत बसतो. १४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला चारनं भागून ३.५ मिळतात, त्या क्लॉकवर ए१५ ला, म्हणजे पत्त्याच्या सगळ्यात वरच्या लाइनला, लावलेला एलईडी सेकंदाला साधारण १३ वेळा फडफडतो. फडफडला की समजायचं चिप जिवंत आहे. ही टेस्ट कराच, कारण झायलॉगनं २०२४ मध्ये ४० पायांच्या झेड८० च्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या, आता ऑनलाइन नंबर घासून नवीन छापलेला माल बिनधास्त येतो. माझ्याकडे आलेली एक चिप ढिम्म हलली नाही.

रॅमला ६२२५६ नंबरच्या दोन चिप्स, संपला विषय. मूळ बोर्डवरच्या खालच्या १६के च्या ४११६ चिप्सना +५, +१२ आणि -५ असे तीन व्होल्टेज लागायचे, ती कटकटच नको.

पण मजा पुढे आहे. स्क्रीनचे ६९१२ बाइट्स त्याच खालच्या १६के मध्ये, प्रोसेसरला आणि यूएलएला ते एकाच वेळी हवे असले की यूएलए सरळ प्रोसेसरचा क्लॉक थांबवते. आजची रॅम इतकी फास्ट आहे की दोघांचं आरामात भागेल, पण काही गेम आणि डेमोंचं (ग्राफिक्स-आवाजाची करामत दाखवणारे प्रोग्रॅम) टायमिंग या थांबण्यावरच बेतलेलं, म्हणजे वेगवान रॅम लावायची आणि वर मुद्दाम ब्रेक मारणारं सर्किट पण जोडायचं! माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आणि तक्रार नाही.

गेम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असायचे, आता कॅसेटप्लेअरऐवजी तोच आवाज फोनवर, व्हॉल्यूम फुल, तेच किंचाळणं ऐकत गेम लोड. रंगाचा एन्कोडर महाग पडतो, तोवर रेझिस्टर लावून ब्लॅक अँड व्हाइट कॉम्पोझिट, म्हणजे टीव्हीला एकाच वायरीतून जाणारा व्हिडिओ सिग्नल. आमचा एलसीडी टीव्ही मात्र मध्येच नो सिग्नल म्हणतो, तर कोणाकडे जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही पडून असेल तर भंगारात देऊ नका, कोथरूड ते हडपसर कुठेही उचलायला येतो.