बेडिंगआधी ट्रिगर काढायचाच

रविवारी रायफलच्या दस्त्याचं बेडिंग पूर्ण झालं, म्हणजे दस्ता आणि रायफलच्या धातूच्या भागामध्ये इपॉक्सी (सुकून कडक होणारा चिकट पदार्थ) ओतून पक्की बैठक केली. इपॉक्सी छान बसलं, कुठे बुडबुडा नाही की खड्डा नाही. तरी आज लिहायचंय ते ट्रिगरबद्दल, म्हणजे चाप आणि त्याची यंत्रणा असलेल्या डब्याबद्दल. बेडिंगवर सगळे भरभरून बोलतात आणि ट्रिगरचं काम ‘दोन पिना काढा, नंतर परत घाला’ एवढ्यावर उरकतात. माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी तिथेच घ्यायला हवी.

पहिल्या रायफलच्या वेळी मी ट्रिगर जागेवरच ठेवला होता. त्याच्याभोवती चिकटपट्टी गुंडाळली, फटींत क्ले दाबली आणि वरून रिलीज एजंटचा (इपॉक्सी चिकटू न देणाऱ्या द्रवाचा) फवारा मारला. दुसऱ्या दिवशी अॅक्शन (बोल्ट आणि ट्रिगर ज्यात बसतात तो धातूचा भाग) दस्त्यातून निघता निघेना. इपॉक्सी चिकटपट्टीच्या कडेखालून शिरून पिनेच्या भोकात घट्ट झालं होतं. अॅक्शन निघाली, पण सोबत लाकडाचा टवका घेऊनच. त्याहून वाईट गोष्ट नंतर कळली. फवाऱ्यातला मेणासारखा थर ट्रिगरच्या आत गेला होता आणि चाप सोडल्यावर तो परत यायला किंचित वेळ लावत होता. चाप पूर्ण परतला नाही तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) बंद करताना सिअर (फायरिंग पिन रोखून धरणारा तुकडा) नीट धरेलच याची खात्री उरत नाही. तो ट्रिगर मी स्वतः उघडला नाही, कारागिराकडे दिला. तेव्हापासून बेडिंग म्हटलं की ट्रिगर बाहेर.

यावेळची रायफल रेमिंग्टन ७०० पद्धतीची आहे. आधी मॅगझीन आणि चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री केली, बोल्ट काढून बाजूला ठेवला, मग अॅक्शन दस्त्यातून काढली. या रायफलीत ट्रिगरचा डबा रिसीव्हरखाली (अॅक्शनच्या मुख्य भागाखाली) दोन आडव्या पिनांवर टांगलेला असतो आणि बोल्ट स्टॉप (बोल्ट मागे पूर्ण निघू न देणारा अडसर) व त्याची स्प्रिंगही या पिनांच्याच आधाराने बसतात. म्हणून पंच (पिना ठोकून काढायची सळई) हातात घेण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि प्रत्येक पिनेच्या एका टोकाला मार्करने ठिपका दिला. बारीक हातोडीने, मापाच्या पंचाने, हलके ठोके. पिना निघताना बोल्ट स्टॉपवर अंगठा ठेवलेला बरा, नाहीतर स्प्रिंग कुठे उडाली ते शोधत बसावं लागतं. माउझर ९८ ची रचना वेगळी आहे. तिथे सिअर एकाच पिनेवर असतो आणि त्याच्या पुढच्या टोकाशी स्प्रिंग दाबलेली असते. एका रायफलीची सवय दुसरीला लावू नये.

ट्रिगरवरच्या समायोजनाच्या स्क्रूंना हात लावला नाही. त्यांच्यावरचं लाखेसारखं सील तसंच राहू द्यायचं. ट्रिगर, पिना आणि स्प्रिंग एका डबीत ठेवून झाकण लावलं.

मग पिनांची भोकं, ट्रिगरची जागा आणि स्क्रूची भोकं क्लेने भरून रिसीव्हरच्या पृष्ठभागाशी सपाट केली. रिकॉइल लगच्या (गोळी सुटतानाचा धक्का दस्त्याला देणाऱ्या उंचवट्याच्या) पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंना चिकटपट्टीचा एक थर. मागची बाजू मोकळी, कारण धक्का तीच घेते. धातूवर सगळीकडे मेण. इपॉक्सी ओतून अॅक्शन बसवली आणि २४ तास हात लावला नाही.

अॅक्शन बाहेर आल्यावर लाकडी काडीने भोकांतली क्ले काढली. एका भोकाच्या कडेला इपॉक्सीची नखाएवढी पापडी होती, ती खरवडली. ती तशीच राहिली असती तर पिन तिरकी गेली असती. ट्रिगर परत बसवताना पिन घालणाऱ्यांचा हात जिथे अडतो ती जागा म्हणजे भोकांची सरळ रेषा. मी दुसऱ्या बाजूने एक गुळगुळीत बारीक सळई घातली, बोल्ट स्टॉप तिच्यावर धरून ठेवला आणि ठिपका पाहून मूळ पिन त्याच बाजूने सरकवली. पिनेबरोबर सळई आपोआप बाहेर ढकलली गेली. पिन जोर लावल्याशिवाय जात नसेल तर थांबायचं, काहीतरी सरळ नाही असं समजायचं.

आता खरं काम. बेडिंगनंतर अॅक्शन दस्त्यात पूर्वीपेक्षा केसभर वर किंवा खाली बसू शकते. ट्रिगरचा डबा दस्त्याला टेकतोय का हे पाहायला मी त्याच्या बाजूंना आणि सेफ्टीच्या खटक्याला दिव्याची काजळी फासली, अॅक्शन बसवून स्क्रू आवळले आणि परत उघडलं. सेफ्टीच्या खटक्याशेजारी, लाकडाच्या आतल्या कडेवर, तांदळाच्या दाण्याएवढा काळा डाग उमटला होता. म्हणजे खटका लाकडाला घासत होता आणि कदाचित पूर्ण मागे जात नव्हता. तेवढी जागा बारीक कानशीने मोकळी केली, पुन्हा काजळी, पुन्हा स्क्रू. तिसऱ्यांदा लाकूड स्वच्छ निघालं.

त्यानंतरच्या चाचण्या रिकाम्या रायफलीवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून. बोल्ट बंद, सेफ्टी लावली, चाप जोरात ओढला, सोडला, मग सेफ्टी काढली. फायरिंग पिन सुटता कामा नये. हे १० वेळा. मग बोल्ट १० वेळा झटक्याने बंद केला. शेवटी रबरी हातोडीने दस्त्यावर ठोके, सेफ्टी लावून आणि काढून. एकदाही फायरिंग पिन सुटली नाही. चाप ओढायला लागणारं वजनही काट्यावर मोजलं. काढण्यापूर्वी ३ पाउंड होतं, आताही ३.

बोल्ट स्टॉप दाबून बोल्ट ५-६ वेळा आतबाहेर केला. चाप सोडला की लगेच परत येतो, आवाज पूर्वीसारखाच कोरडा आणि स्पष्ट. त्यानंतरच रायफल कपाटात ठेवली.