गंजीवरची ती रात्र

रविवार, रात्री उशिरा

थॉमस हार्डीची ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ ही कादंबरी आज पुन्हा वाचून संपली. डोक्यातून जात नाहीये ते वादळाचं प्रकरण.

सुगीची मेजवानी झालेली. नवा मालक सार्जंट ट्रॉय सगळ्या गड्यांना ब्रँडी पाजून कोठारात लोळवतो. पाऊस येणार हे शेतावरच्या मेंढपाळाला, गॅब्रिएल ओकला, बेडूक, गोगलगाय आणि मेंढ्यांच्या वागण्यावरून कळलेलं असतं. अंगणात गव्हाच्या पाच आणि बार्लीच्या तीन गंज्या उघड्या पडलेल्या, म्हणजे साडेसातशे पौंडांचं धान्य. तो एकटाच झाकायला लागतो. मग अंधारात शेताची मालकीण आणि ट्रॉयची बायको बॅथशीबा येते आणि त्याला पेंढ्या वर देऊ लागते. विजा अगदी जवळ कोसळत असतात. आणि तिथेच, गंजीवर, ट्रॉयशी लग्न का केलं हे ती त्याला सांगते. नवऱ्याजवळ जे बोलता येत नाही ते ती या माणसाजवळ बोलते, कारण दोघांचे हात एकाच कामात आहेत.

शेवटाकडे हार्डी हेच उघड सांगतो. एकमेकांचे खरखरीत कंगोरे आधी कळावेत आणि प्रेम मागाहून यावं, असं क्वचितच घडतं. कारण स्त्री-पुरुष एकत्र येतात ते मौजेपुरते, कामात नाही. हे त्याने १८७४ साली लिहिलं! तेव्हा कादंबरी ‘कॉर्नहिल’ मासिकात लेखकाच्या नावाशिवाय क्रमशः येत होती.

म्हणून पडद्यावरच्या रूपांतरांत मी आधी कामं शोधते. जॉन श्लेसिंजरचा १९६७ चा चित्रपट पावणेतीन तासांच्या आसपास आहे आणि त्याला घाई नाही. निकोलस रोगच्या कॅमेऱ्यातलं इंग्लंडमधलं डॉर्सेट थंड, ओलं, वाऱ्याचं आहे. तिथे राबावं लागतं हे दिसतं. ॲलन बेट्सचा ओक फार बोलत नाही, त्याची मान आणि खांदेच बोलतात. ज्युली क्रिस्टी मात्र मला शेतकरीण वाटतच नाही. टेरेन्स स्टॅम्पच्या ट्रॉयची तलवारबाजी सगळ्यांच्या लक्षात राहते, आणि मला वाटतं चित्रपटाचा तोल तिथेच ढळतो.

थॉमस विंटरबर्गच्या २०१५ च्या चित्रपटात कॅरी मलिगन मेंढ्या धुताना स्वतः पाण्यात उतरते. तो प्रसंग पाहून मला फार बरं वाटलं. कारभाऱ्याला चोरीबद्दल काढून टाकून, स्वतः धान्यबाजारात पुरुषांच्या घोळक्यात उभी राहणारी बॅथशीबा ती हीच. बॅथशीबाच्या प्रेमात पडलेला शेजारचा शेतकरी, मायकेल शीनचा बोल्डवुड, तर काळीज पिळवटतो. पण दोन तासांत फॅनी रॉबिनच्या, ट्रॉयने वाऱ्यावर सोडलेल्या मुलीच्या, वाट्याला फारच थोडं येतं. पुस्तकात ती थकून कॅस्टरब्रिज गावच्या वर्कहाउसपर्यंत (निराधारांच्या आश्रयगृहापर्यंत) शेवटचं अंतर एका कुत्र्याच्या आधाराने सरपटत जाते. ती पानं मला सलग वाचवत नाहीत. तिची ती वाट दिसली नाही तर ट्रॉयचा अपराध नुसता कळतो, जाणवत नाही.

शेवटाबद्दलही माझी तक्रार आहे. विंटरबर्गची बॅथशीबा घोड्यावरून ओकला गाठते, मग भर उजेडात चुंबन. पुस्तकात ती संध्याकाळी त्याच्या झोपडीशी जाते, दार वाजवते, आणि आपणच याला मागणी घालायला आल्यासारखं झालं म्हणून ओशाळते. बोलणं निघतं ते त्याच्या नोकरी सोडण्याचं, शेताचं. एवढी वर्षं त्यांच्यात जे बोलणं चाललं होतं, तेच.