तुम्ही विचारलंत म्हणून: शून्य ओहमचा रेझिस्टर कशाला लावतात?

मी अंधेरीला पीसीबी (म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड) लेआउटचं काम करतो आणि लॅमिंग्टन रोडला सामान घ्यायला येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांपासून ते सोसायटीतल्या रिटायर्ड काकांपर्यंत सगळे बंद पडलेला चार्जर नाहीतर एलईडी बल्ब उघडून मला एकच विचारतात, की हा '०' छापलेला रेझिस्टर (करंटला अडवणारा पार्ट) कसला? रेझिस्टन्सच नाही तर रेझिस्टर कशाला, सरळ वायरच झाली की ती!

हो, वायरच आहे. (अगदी शून्य पण नसतो, कंपनीच्या डेटाशीटमध्ये जास्तीत जास्त ५० मिलिओहम वगैरे दिलेलं असतं, पण ते सोडा.) फक्त रेझिस्टरच्या आकारात बनवलेली, म्हणजे बाकीचे रेझिस्टर लावणारं मशीनच हिलाही लावून मोकळं होतं, त्यासाठी वेगळा माणूस बसवायला नको. खरं विचारायचं ते हे की वायर लागलीच का. स्वस्तातल्या बोर्डला तांबं एकाच बाजूला असतं, दोन ट्रॅक (बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा) एकमेकांना भिडले की शॉर्ट, मग एक ट्रॅक खालून काढायचा आणि दुसरा या झिरो ओहमवरून उडी मारून पलीकडे न्यायचा. आम्ही त्याला जंपरच म्हणतो.

यावर काकांचं ठरलेलं: "अहो पण नीट डोकं लावलं असतंत तर वळसा घालून नेता आला असता ना?" कधी कधी येतो. आणि कधी कधी नाही येत, ब्रह्मदेव आला तरी नाही येत.

ते तीन घरं आणि पाणी-गॅस-लाईटचं कोडं तुम्हाला पण आलं असेल फॉरवर्ड होऊन, प्रत्येक घराला तिन्ही कनेक्शन द्या पण रेषा एकमेकींना छेदता कामा नयेत. समजा जमलं. सहा बिंदू, नऊ रेषा. ऑयलर या गणितज्ञाचा नियम असा की न छेदता काढलेल्या जोडलेल्या चित्रात बिंदू वजा रेषा अधिक तुकडे (रेषांनी कागदाचे पडलेले) बरोबर २, बाहेरची मोकळी जागा पण एक तुकडा धरायची. म्हणजे तुकडे झाले ५. आता घरातून घराला रेषा नाही आणि गॅसमधून पाण्याला नाही, त्यामुळे तीन रेषांत फेरी पूर्ण होतच नाही, प्रत्येक तुकड्याला निदान चार कडा लागणार. पाच चोक वीस. पण एक रेषा दोनदाच मोजली जाते, एकदा या बाजूच्या तुकड्यात आणि एकदा त्या, म्हणजे नऊ दुणे अठरा. हव्यात वीस, आहेत अठरा, विषय संपला. ज्याला कुणाला हे 'सुटलंय' त्याने कुठेतरी एखाद्या घराखालून पाईप नेलाय, बघा शोधून.

पोलंडच्या कुराटोव्स्की या गणितज्ञाने १९३० मध्ये याच्या पुढचं दाखवलं आणि मला ते अजून भारी वाटतं: बिंदू-रेषांचं कुठलंही जाळं छेदल्याशिवाय काढता येत नसेल तर त्याच्या पोटात हे तीन-तीनचं जाळं तरी दडलेलं असतं, नाहीतर पाच बिंदू आणि प्रत्येक बिंदू प्रत्येकाला जोडलेला, हे तरी. तिसरं कारण नाही.

पण उलटं पण खरं आहे, क्रॉस दिसला म्हणजे तो लागतोच असं नाही. मुंबई लोकलची हार्बर लाईनची गाडी वडाळ्याहून किंग्ज सर्कल करत माहीमला जाते तेव्हा माटुंगा आणि सायनच्या मध्ये सेंट्रल लाईनला क्रॉस करते, नकाशावर दिसतंच ते. आता मेट्रो आणि वसई-दिवा लाईन बाजूला ठेवा, स्टेशनं म्हणजे बिंदू धरा आणि कागदावर ती कुठेही हलवायची मुभा घ्या. सँडहर्स्ट रोड, दादर, कुर्ला, वडाळा आणि परत सँडहर्स्ट रोड अशी फेरी काढा, आणि माहीम तिच्या बाहेर न ठेवता आत आणा. आतल्या आत एक रेष दादरला, एक वडाळ्याला. छेद गायब! त्यापायी बांद्र्यापासून विरारपर्यंत सगळी वेस्टर्न लाईन अँटॉप हिलच्या आसपास कोंबावी लागेल आणि पार्ल्याची मंडळी ते खपवून घेणार नाहीत, पण कागदाला काय.

बोर्डवर मला ही मुभा असते, पण अर्धीच. पार्ट सरकवता येतात, रेझिस्टरच्या पोटाखालून ट्रॅक काढता येतो (तो पण एक पूलच झाला), पण कनेक्टर कडेलाच हवा आणि आयसीच्या (चिपच्या) पायांचा क्रम कंपनीने ठरवलेला, तो काही मला बदलता येत नाही. आणि छेद अजिबात लागणार नाही ना, हे कॉम्प्युटर पटकन सांगतो, हॉपक्रॉफ्ट आणि टार्जन या कॉम्प्युटर शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच त्याची झटपट पद्धत दिली. लागणारच असतील तर कमीत कमी किती, हे मात्र भयंकर अवघड, गॅरी आणि जॉन्सनने १९८३ मध्ये दाखवलं की हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे सगळ्या जाळ्यांना चालेल अशी झटपट पद्धत कुणाकडेच नाही. त्यामुळे मी बोर्डवर चार जंपर टाकले तर तीनात भागलं असतं का, हे छातीठोक सांगणं सोपं नसतं. काकांना हे पटत नाही.

अजून एक, बोर्ड दोन बाजूंचा असेल आणि तरी झिरो ओहम दिसला तर तो बहुतेक क्रॉसिंगसाठी नसतो. तिथे ट्रॅक व्हायामधून (बोर्डच्या आरपार जाणाऱ्या तांब्याच्या भोकातून) खाली जाऊन पलीकडे वर येतो, जंपरची गरजच नाही. तो ऑप्शनसाठी असतो, एकाच बोर्डची दोन मॉडेलं काढायची म्हणून, एका मॉडेलला लावायचा आणि दुसऱ्याला जागा रिकामी सोडायची. तो काढून बघू नका, वॉरंटी जाईल.