कंट्रोल रूममधून ऐकलेला सामना

१४ एप्रिल २०२४, रविवार. सकाळी घरी फोन केला तेव्हा मागे जयंतीच्या मिरवणुकीचे ढोल वाजत होते, आई काय बोलते ते धड ऐकूच येईना. इकडे जर्मनीत, लेव्हरकुसेनमध्ये, खिडक्याखिडक्यांतून लाल-काळे झेंडे लटकत होते. संध्याकाळी साडेपाचला बायर लेव्हरकुसेनचा वेर्डर ब्रेमेनशी फुटबॉल सामना होता. जिंकले की विजेतेपद, तेही पाच सामने शिल्लक असताना. बायर्न म्युनिक सलग अकरा वर्षं विजेते होते आणि आता ते तेरा गुणांनी मागे होते. १९०४ साली रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेल्या या क्लबने जर्मन लीग एकदाही जिंकली नव्हती.

मी इथल्या एका केमिकल प्लांटमध्ये काम करतो आणि त्या आठवड्यात ऑन-कॉल होतो, म्हणजे बोलावणं आलं की निघायचं. पंचविसाव्या मिनिटाला बोनिफासने पेनल्टीवर गोल केला, आम्ही मित्राच्या घरी ओरडत उभे राहिलो आणि माझा फोन वाजला.

‘कूलिंगचा ए पंप ट्रिप होऊन बंद पडलाय. बी चालू आहे, पण प्रवाह नीट नाही. ये.’

सायकल काढली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोर बायर कंपनीचं ते ५१ मीटर व्यासाचं गोल चिन्ह, दोन मनोऱ्यांच्या मध्ये टांगलेलं. इथे केमिकल पार्कमध्ये आता अनेक कंपन्या आहेत आणि मी बायरचा माणूस नाही, पण क्लबला लोक अजून ‘वेर्क्सएल्फ’ म्हणतात, म्हणजे कारखान्याचे अकरा जण. बाहेरगावचे लोक हा शब्द हिणवून उच्चारतात. कंपनीचा क्लब, परंपरा नसलेला क्लब. शिफ्टमधल्या माणसांना तो तसा वाटत नाही, आणि त्यांच्याबरोबर काम करून मलाही वाटेनासा झालाय.

कंट्रोल रूममध्ये चौघे होते. पॅनेलवर बसलेला आमचा सर्वांत जुना ऑपरेटर निवृत्तीला आलेला. (प्लांटमध्ये सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, वय आणि हुद्दा कुणी बघत नाही. रसायनीहून आलेल्या मला याची सवय व्हायला वर्ष लागलं.) स्टेडियमचा सीझन पास असलेला हा माणूस. शिफ्ट बदलून मिळाली नाही म्हणून आपली जागा मुलीला देऊन कामावर आला होता. २००० साली उंटरहाखिंगला शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरेशी असताना संघ ०-२ हरला, तेव्हा तो तिथे हजर होता. २००२ साली लीग एका गुणाने गेली, जर्मन चषकाची फायनल गेली, आणि ग्लासगोला रेआल माद्रिदकडून चॅम्पियन्स लीगची फायनलही गेली. तेव्हाही तो ग्लासगोला होता. आज मात्र पहिला अलार्म वाजताच रेडिओ त्यानेच बंद केला होता.

‘चौऱ्याऐंशी,’ तो म्हणाला.

रिॲक्टरचं तापमान. डोसिंग, म्हणजे आत माल सोडणं, सुरक्षेच्या इंटरलॉकने आपोआप थांबवलं होतं, पण आत आधीच गेलेला माल उष्णता सोडतच होता. पंच्याण्णवला सिस्टिम सगळी बॅच इमर्जन्सी टाकीत सोडून देते. धोका त्यामुळे टळतो, पण बॅच जाते आणि साफसफाईत पुढचे तीन दिवस जातात. ए पंपची मोटर ओव्हरलोडवर गेली होती, इलेक्ट्रिशियन तिच्याशी झुंजत होता. सगळी भिस्त बीवर.

मी खाली गेलो. बी पंप पोटात गोटे भरल्यासारखा खडखडत होता. कॅव्हिटेशन, म्हणजे आत पुरेसं पाणी येत नाही आणि वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात. सक्शनचा स्ट्रेनर, पाणी आत येतं तिथली गाळणी, तुंबला असणार, पण तो उघडायचा तर पंप बंद करायला हवा, आणि पंप बंद करणं आत्ता शक्यच नव्हतं. प्रवाह कमी पडत असताना डिस्चार्जचा, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या बाजूचा, व्हॉल्व्ह आणखी आवळायचा, हे सांगताना माझी जीभ अडखळली. पण गणित तेच होतं. पंपाची भूक कमी केली की तुंबलेल्या सक्शनमधून जेवढं येतंय तेवढं तो नीट ओढेल. कमी, पण सलग.

वॉकीटॉकीवर वरून विचारलं, ‘खात्री आहे?’

‘आहे.’

पाव फेरा, मग आणखी पाव. खडखड थांबली आणि नुसती गुणगुण उरली. कानांवरचं संरक्षक काढून मी पंपाचा आवाज ऐकत होतो, तेवढ्यात वाऱ्यावर दुसराच आवाज आला, लांबलचक, समुद्रासारखा. वेळ जुळवल्यावर नंतर कळलं की तो ग्रानिट झाकाचा लांबून मारलेला डाव्या पायाचा गोल होता.

वर आलो तेव्हा एक्क्याण्णव. मग ब्याण्णव. बॅच आत्ताच सोडून द्यावी का, असं मी विचारलं. म्हाताऱ्याने स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, ‘चढाचा वेग बघ. कमी होतोय. अजून वेळ आहे.’

‘अजून वेळ आहे’ हे त्या मोसमात शहराच्या तोंडी बसलेलं वाक्य होतं. महिन्यापूर्वी युरोपा लीगमध्ये अझरबैजानच्या काराबागविरुद्ध बहात्तराव्या मिनिटापर्यंत ०-२ मागे होते, तेव्हा एक गोल फेडला, आणि शिकने नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत आणखी दोन गोल करून ३-२ केलं. पण इथे तो फुटबॉलबद्दल बोलत नव्हता. त्याने आलेखावर बोट ठेवलं होतं आणि चाळीस वर्षं अशा रेषा वाचलेलं ते बोट बरोबर होतं. ब्याण्णव पूर्णांक चार. तिथेच सात मिनिटं. मग एक्क्याण्णव.

ए पंप सव्वासातला चालू झाला. त्यानंतरच रेडिओ लावला. तोवर ४-० झालं होतं. मध्यांतरानंतर उतरलेल्या विर्ट्सने नव्वदाव्या मिनिटाला स्वतःचा तिसरा, संघाचा पाचवा गोल केला आणि लोक मैदानात घुसले, सामना तिथेच संपला. निवेदकाचा आवाज फाटत होता. म्हाताऱ्याने दोन्ही तळवे पॅनेलच्या कडेवर टेकले आणि मान खाली घातली. कुणी काही बोललं नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो थरथरत होता.

रात्री दहाला शिफ्ट सुटली तेव्हा त्याची मुलगी गेटवर उभी होती. तिच्या मुठीत मैदानातलं गवत होतं, मुळांना माती लागलेली. त्याने ते घेतलं, परत आत आला आणि सॅम्पलच्या बाटलीत लावून कंट्रोल रूमच्या खिडकीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बीचा स्ट्रेनर उघडला. आत गॅस्केटचा चोथा होता. जुन्या दुरुस्तीतला, कुणीतरी आत विसरलेला. त्याचा अहवाल मी लिहिला, आणि आता दर दुरुस्तीनंतर स्ट्रेनर उघडून दाखवल्याशिवाय पंप आमच्या ताब्यात येत नाही.

लीग लेव्हरकुसेनने एकही सामना न हरता पूर्ण केली: २८ विजय, ६ बरोबरी, ९० गुण. युरोपात रोमाविरुद्ध स्टॅनिशिचने सत्त्याण्णवाव्या मिनिटाला २-२ केलं आणि सलग ४९ सामने अपराजित राहण्याचा विक्रम झाला. ती मालिका ५१ वर थांबली. २२ मेला डब्लिनमध्ये युरोपा लीगच्या फायनलला इटलीच्या अटालांटाने ३-० हरवलं, तिन्ही गोल लुकमनचे. पूर्ण मोसमातला तो एकमेव पराभव.

२३ मेला सकाळी मी कंट्रोल रूममध्ये गेलो. काय बोलावं ते सुचत नव्हतं. म्हातारा खिडकीशी उभा राहून बाटलीत पाणी घालत होता. गवत दोन बोटं वाढलं होतं.

‘शनिवारी बर्लिनला चषकाची फायनल आहे, कैसर्सलाउटर्नशी,’ तो म्हणाला. ‘या वेळी शिफ्ट बदलून मिळाली.’

मग त्याने लॉगबुक माझ्याकडे सरकवलं आणि रात्रीचे आकडे वाचून दाखवायला लागला.